पडलेला दात दुधात ठेवा

दुधाचा दात पडला की तो कौलावर भिरकावायचा, किंवा शेणाच्या गोळ्यात घालून उंदराच्या बिळापाशी टाकायचा, ही रीत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाळली आहे. उंदरासारखे बळकट दात यावेत, ही त्यामागची भावना. रीत गोड आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र तिच्यामुळे दात पडणे ही बालपणातील एक कौतुकाची घटना, अशी आपली मनोधारणा होऊन बसते. मग सात-आठ वर्षांच्या नातवाचा पुढचा दात आपटून मुळासकट बाहेर आला, तरी घरातील वडीलधारी मंडळी रक्त थांबवतात, मुलाला कुशीत घेतात आणि ‘येईल हो नवा’ असे म्हणून दाताकडे दुर्लक्ष करतात. तो दात कायमचा असेल, तर नवा येत नाही.

मे महिन्यात आणि गणपतीच्या दिवसांत अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतची घरे मुंबई-पुण्याहून आलेल्या नातवंडांनी भरून जातात. आईवडील चार दिवस राहून कामावर परततात आणि मुले आजीआजोबांच्या हवाली होतात. पडवीतील झोपाळा, विहिरीचा कट्टा, पावसाळ्यात शेवाळलेले अंगण, पुळणीवर रंगलेली कबड्डी, भाड्याच्या सायकली, अशा सगळ्या ठिकाणी मुले तोंडावर पडतात. सात ते दहा या वयात वरचे पुढचे दोन दात नुकतेच आलेले असतात. त्यांची मुळे अजून पुरती वाढलेली नसतात आणि भोवतालचे हाडही मऊ असते. त्यामुळे जोराचा आघात झाला की दात मोडण्याऐवजी अख्खा निखळून बाहेर येतो. अशा वेळी मुलाजवळ बहुधा आपणच असतो, म्हणून हा लेख आपल्यासाठी आहे. मी दंतवैद्य नाही, गावातील साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे, पण दात पडलेले मूल दंतवैद्यापाशी पोहोचण्याआधी बहुतेक वेळा माझ्यासारख्याच्या दारात येते, आणि तेथवर येईतो जे घडते अथवा घडत नाही, त्यावर त्या दाताचे भवितव्य पुष्कळसे ठरून गेलेले असते.

प्रथम दात दुधाचा की कायमचा, हे ओळखायला हवे. खालचे मधले कायमचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी, वरचे मधले सातव्या-आठव्या वर्षी आणि त्यांच्या शेजारचे आठव्या-नवव्या वर्षी येतात. दुधाचा दात लहान आणि दुधासारखाच पांढरा असतो. वयानुसार पडण्याच्या बेतात असेल, तर त्याचे मूळ झिजून आखूड झालेले असते. कायमचा दात अंगाने मोठा, किंचित पिवळसर आणि लांब मुळाचा असतो. नवा असेल तर त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते दिसतात. पाच वर्षांच्या आतील मुलाचा पुढचा दात दुधाचाच समजावा. सहा-सातच्या उंबरठ्यावर मात्र संभ्रम होतो. संभ्रम झाला, तर दात कायमचा आहे असे धरून तो दुधात ठेवावा आणि निर्णय दंतवैद्यावर सोपवावा. त्यात नुकसान काहीच नाही.

आता या घाईचे कारण सांगतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये एक अतिशय पातळ, तंतुमय पडदा असतो आणि दात त्या तंतूंनी हाडाशी बांधलेला असतो. चावताना दात किंचित दबतो आणि पूर्ववत होतो, तो या पडद्यामुळे. दात निखळतो तेव्हा हा पडदा मधोमध फाटतो. अर्धा हाडाला चिकटून राहतो आणि अर्धा मुळाबरोबर बाहेर येतो. मुळावरचा तो ओलसर थर जिवंत असतो. त्यातील पेशी जगल्या, तर परत बसवलेला दात पुन्हा हाडाशी बांधला जातो. त्या वाळून मेल्या, तर शरीर त्या मुळाला हळूहळू हाडासारखेच वागवू लागते, मूळ झिजवत जाते आणि काही वर्षांत दात हातचा जातो.

या पेशी वाळायला फार वेळ लागत नाही. डेन्मार्कचे येन्स ओवे आंद्रेआसन यांनी आयुष्यभर दातांच्या आघातांचाच अभ्यास केला. त्यांनी एका सहकाऱ्यासह १९६६ साली परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी ९० टक्के दातांच्या मुळांची झीज पुढे आढळली नाही. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी ९५ टक्के दातांची मुळे झिजली. आज दंत-आघाताच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना जे मार्गदर्शन करते, तेही याच दिशेचे आहे. दात जागच्या जागी किंवा पंधरा मिनिटांच्या आत परत बसला, तर पेशी बहुधा वाचतात. अर्धा तास तो उघड्यावर कोरडा पडला, तर त्यातील बहुतेक मरतात. तासभर कोरडा राहिला, तर एकही वाचली नाही असे समजून पुढचे उपचार करावे लागतात.

या मिनिटांचा हिशेब आपल्या किनाऱ्याशी लावून पाहा. अलिबाग, पेण किंवा रोहा येथे राहणाऱ्याला दंतवैद्य हाकेच्या अंतरावर आहे. दिवेआगर किंवा हरिहरेश्वरजवळच्या एखाद्या वाडीतून माणगावला निघालात, तर घाटवळणांच्या रस्त्याने तासाहून अधिक वेळ जातो. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने यायचे, तर आधी बोटीची वाट पाहावी लागते. त्यातही रविवार असेल, संध्याकाळ असेल, तर दवाखाना उघडा असण्याची खात्री नाही. याचा अर्थ इतकाच, की पहिल्या अर्ध्या तासातला उपचार आपल्याकडे घरातल्या माणसालाच करावा लागतो. तो अवघड नाही आणि त्याला कोणतेही औषध लागत नाही.

दाताच्या आधी मूल पाहावे. पडल्यावर ते क्षणभर तरी बेशुद्ध झाले होते का, उलटी होत आहे का, गुंगी येत आहे का, असंबद्ध बोलत आहे का, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाणी येत आहे का, तोंड उघडताना वा मिटताना जबडा वाकडा जातो का? यातील एकही लक्षण असेल, तर दात दुय्यम ठरतो. १०८ला फोन करावा आणि मुलाला रुग्णालयात न्यावे. दात दुधाच्या वाटीत घालून बरोबर द्यायला मात्र हरकत नाही. ही लक्षणे नसतील, तर मुलाला बसवून चूळ भरू द्यावी आणि स्वच्छ रुमालाची घडी हिरडीवर दाबून धरावी. तोंडातले रक्त लाळेत मिसळून पुष्कळ वाटते. पाच-दहा मिनिटे नीट दाबले की बहुधा थांबते. जखमेत हळद, कॉफीची पूड, चुना किंवा मशेरी भरू नये. दात परत बसवायचा त्या खोबणीत असली भरताड गेली, की ती साफ करताना दंतवैद्याचे हाल होतात आणि मुलाचे त्याहून अधिक.

मग दात शोधावा. अंगणात, वाळूत, झोपाळ्याखाली, मुलाच्या कपड्यांच्या घड्यांत पाहावे. घरातील डोळ्यांनी तरुण असलेल्या कोणाला तरी या कामाला लावावे. आपण मुलाजवळ बसावे. दात कोठेच सापडत नसेल, तर तो कदाचित ओठात घुसलेला असेल, हिरडीत वर रुतलेला असेल किंवा गिळला गेला असेल. गिळला गेला असेल तर बहुधा शौचावाटे निघून जातो. पण मूल सारखे खोकत असेल, श्वास घेताना आवाज येत असेल, तर दात श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यावी आणि क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दात सापडला की तो वरच्या बाजूने उचलावा, म्हणजे जो भाग हसताना दिसतो त्या बाजूने. मुळाला बोट लावू नये, कारण आपण ज्यांना वाचवू पाहतो त्या पेशी तेथेच आहेत. मुळाला माती, वाळू लागलेली असेल, तर थंड दुधात हलकेच बुडवून हलवावा किंवा दुधाची बारीक धार सोडून धुवावा. सलाईन हाताशी असेल तर तेही चालते. दूध जवळ नसेल आणि नळच असेल, तर थंड पाण्याखाली अगदी काही सेकंद धरावा, त्याहून अधिक नाही. चोळू नये, खरवडू नये, पुसू नये.

हे शेवटचे वाक्य लिहिताना मला एक आजी आठवतात. रेवदंड्याकडच्या एका वाडीतून त्या नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलगा नऊ वर्षांचा. झोपाळ्याची फळी तोंडावर बसली होती. आजींनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, कापसात गुंडाळलेला दात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, अगदी स्वच्छ करून आणलाय. राखेने घासला, मग डेटॉलने धुतला.” दात खरोखरच मोत्यासारखा दिसत होता. मी म्हटले, “आजी, तुम्ही दात आणलात हेच मोठे काम केलेत. चला, आता लगेच अलिबागला.” मुळावर वाचवण्यासारखे काही उरलेले नव्हते, हे त्या क्षणी त्यांना सांगून काही साधणार नव्हते. दंतवैद्यांनी तो दात तरीही बसवला, आणि का बसवला ते पुढे सांगतो. पण आपल्या संस्कारांत स्वच्छता म्हणजे घासणे, हे इतके खोल रुजलेले आहे की या एका प्रसंगी हात आवरणे घरातील सर्वांत मायाळू माणसालाच सर्वांत कठीण जाते. साबण, राख, दंतमंजन, मीठ, डेटॉल, गरम पाणी यांतील कशाचाही त्या मुळाला स्पर्श होऊ नये. कापूस, कागद आणि रुमाल हे तर दाताचा ओलावाच शोषून घेतात.

धुतलेला दात परत जागेवर बसवणे हा सर्वोत्तम उपाय होय, आणि तो घरी करता येतो. मूल शांत असावे आणि समजून घेणारे असावे. दाताची फुगीर, गुळगुळीत बाजू ओठाकडे आणि किंचित खोलगट बाजू जिभेकडे येते. शेजारच्या दाताशी ताडून पाहिले की दिशा समजते. मूळ खोबणीच्या तोंडाशी धरून बोटाने सावकाश दाबत न्यावे. दात बहुधा अलगद आत सरकतो आणि शेजाऱ्याच्या पातळीला येतो. मग रुमालाची घडी दातांत धरून मुलाला हलकेच चावून धरायला सांगावे आणि तसेच घेऊन निघावे. आत अडथळा जाणवला, तर जोर करू नये. आपला हात कापत असेल, चष्मा सापडत नसेल, मूल आकांत करीत असेल, तर हा नाद सोडून द्यावा आणि सरळ दुधाकडे वळावे. ज्या मुलाला हृदयाचा गंभीर विकार आहे, किंवा ज्याची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी क्षीण झालेली आहे, त्याचा दात घरी बसवू नये. तो दुधात ठेवून डॉक्टरांना विचारावे.

दूधच का, असे पुष्कळ जण विचारतात. दुधातील क्षारांचे आणि इतर विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण आपल्या शरीरातील द्रवाशी बरेचसे जुळते. त्यामुळे पेशीत पाणी घुसून ती फुगत नाही आणि तिच्यातील पाणी बाहेर ओढले जाऊन ती आक्रसतही नाही. दूध आम्लधर्मी नसते म्हटले तरी चालेल, आणि पिशवीच्या दुधात जंतूही कमी असतात. थंड दुधात या पेशी काही तास तग धरू शकतात. म्हणजे दिवेआगरच्या मुलाला दुधाची एक वाटी माणगावपर्यंतचा वेळ मिळवून देते. पिशवीचे दूध असो वा गवळ्याकडचे तापवून गार केलेले असो, चालते; कोमट किंवा गरम नको. साखर घातलेले, मसाल्याचे दूध नको. दही आणि ताक तर मुळीच नको, त्यांतील आम्ल पेशींना सोसत नाही. वाटीपेक्षा घट्ट झाकणाची लहान बाटली किंवा डबी बरी, कारण आपल्या रस्त्यांवर वाटीतले दूध वाटीत राहत नाही. बर्फ बाटलीच्या बाहेरून लावावा. दात बर्फात घालू नये आणि फ्रीजरमध्ये तर कधीच ठेवू नये.

दूध मिळेपर्यंत मुलाचीच लाळ कामी येते. मुलाला स्वच्छ वाटीत थुंकायला सांगावे आणि त्यात दात भिजत ठेवावा. दात गालात धरून ठेवायला सांगणे मोठ्या माणसाच्या बाबतीत चालेल. लहान मूल रडता रडता तो गिळून टाकते. साध्या पाण्यात दात फार वेळ ठेवला, की पेशी फुगून फुटतात. तरीही काहीच नसेल, तर कोरड्यापेक्षा पाणी बरे. समुद्राचे पाणी मात्र वापरू नये, मग आपण पुळणीवर उभे असलो तरी. सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते आणि समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम. शिवाय त्यातील वाळू आणि जंतू वेगळेच.

आणि नारळपाणी? आपल्या वाड्यांत दुधापेक्षा शहाळे लवकर हाती येते, म्हणून हा प्रश्न रास्तच आहे. २००८ साली चेन्नई येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासून पाहिले, तेव्हा नारळपाण्यात या पेशी दुधापेक्षाही चांगल्या टिकल्या. पुढे इतरत्र, विशेषतः ब्राझीलमध्ये, झालेल्या तपासण्यांत तसे दिसले नाही. नारळपाणी बरेच आम्लधर्मी असते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दुधाचे नाव आहे, नारळपाण्याचे नाही. तेव्हा घरात दूध असेल तर दूधच घ्यावे. वाडीत काहीच हाताशी नसेल, तर कोरड्या रुमालापेक्षा ताज्या शहाळ्याचे पाणी बरे, इतकेच मी म्हणेन; आणि कोणीतरी दूध आणायला पळावे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण वाचकांपैकी अनेकांना जुन्या ग्रंथांची आवड आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवरील उपचारांचा जो अध्याय आहे, त्यात दातांचाही विचार केलेला आहे. तरुण माणसाचे दात न मोडता नुसते हलू लागले असतील आणि त्यांतून रक्त येत असेल, तर ते दाबून जागेवर बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावेत आणि रुग्णाला कमळाच्या नाळेतून दूध पाजावे, असे तेथे सांगितले आहे. म्हाताऱ्याचे हललेले दात मात्र सोडून द्यावेत, असाही सल्ला आहे. तेथील दात हललेला आहे आणि दूध पिण्यासाठी आहे, पूर्ण निखळलेल्या दाताबद्दल तो उपचार नव्हे. तरीही तरुण दाताला जागेवर आणले तर तो रुजतो, हे निरीक्षण शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवले होते, याचे मला अप्रूप वाटते. कमळाच्या नाळेची योजना तर फारच चतुर. चावायचे नाही, दातांवर भार द्यायचा नाही; आजचा दंतवैद्यही पथ्य तेच सांगतो.

निघण्यापूर्वी दंतवैद्याला फोन करावा, म्हणजे ते तयारीत राहतील. मुलाचे आईवडील मुंबईहून फोनवर म्हणतात, “आमच्या ठाण्याच्या डेंटिस्टकडेच दाखवू, उद्या सकाळी निघतो.” त्यांचा त्या डॉक्टरांवरचा विश्वास योग्यच असेल, पण दात उद्या सकाळपर्यंत थांबत नाही. जवळचा कोणताही दंतवैद्य गाठावा. पुढचे उपचार ठाण्याला करता येतात. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. दंतवैद्य सापडतच नसेल, तर जवळच्या डॉक्टरकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. सलाईनने धुऊन दात जागेवर ठेवणे कोणाही डॉक्टरला जमण्यासारखे आहे आणि तो तसा बसला, की घाईचा मोठा भाग संपतो.

दंतवैद्य काय करतील, याची थोडी कल्पना असलेली बरी. ते दात नीट बसला आहे का ते क्ष-किरण चित्रावर पाहतात आणि शेजारच्या दातांच्या आधाराने साधारण दोन आठवड्यांसाठी एक बारीक, लवचिक तार लावतात. प्रतिजैविक औषध देतात. धनुर्वाताच्या लशीची चौकशी होते, म्हणून मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो आपल्या फोनमध्ये असू द्यावा. शासकीय वेळापत्रकानुसार पाच-सहा वर्षांच्या सुमारास आणि पुन्हा दहाव्या वर्षी ही लस दिली जाते. जखम मातीत मळलेली असेल, तर डॉक्टर जादा मात्रेचा विचार करतात. दाताचे मूळ पूर्ण वाढलेले असेल, तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल करावे लागते. मूळ अजून उघडे, कोवळे असेल, तर आतील रक्तपुरवठा आपोआप परत जुळण्याची शक्यता असते. तेव्हा दंतवैद्य थांबून वाट पाहतात. ‘लगेच रूट कॅनाल का केले नाही’, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नये. दोन आठवडे मऊ भात, पेज, खिचडी, शिरा, मऊ ब्रश, सांगितलेल्या औषधाच्या चुळा, आणि कबड्डीला सुट्टी.

आता त्या आजींच्या नातवाचा दात का बसवला, ते सांगतो. वेळ निघून गेलेली असली, पेशी मेलेल्या असल्या, तरी दात बहुधा परत बसवतात. तो कायम टिकणार नाही हे ठाऊक असते, पण काही वर्षे टिकतो. वाढत्या वयाच्या मुलाला इम्प्लांट बसवता येत नाही. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलापुढे दहा वर्षांचा काळ असतो आणि समोरच्या दाताची जागा रिकामी. त्या काळात तेथील हाडही झिजत जाते. स्वतःचा दात, मेलेल्या मुळाचा का होईना, तेथे असला तर हाड राखतो, बोलणे राखतो आणि शाळेत हसताना तोंडावर हात धरण्याची पाळी येऊ देत नाही. म्हणून ‘दोन तास झाले, आता काय उपयोग’ असे म्हणून दात फेकून देऊ नये.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, अगदी सुबक निघाला असला तरी. त्याच्या मुळाच्या टोकाशी, हाडात, कायमचा दात आकार घेत असतो. बसवण्याच्या दाबाने किंवा पुढे होणाऱ्या जंतुसंसर्गाने त्याला इजा पोहोचते. तरी मुलाला दंतवैद्याकडे न्यावेच, कारण पडलेल्या दाताच्या शेजाऱ्यांनाही मार बसलेला असतो, आणि दुधाच्या दाताला बसलेल्या आघाताचे पांढरे वा तपकिरी डाग काही वर्षांनी येणाऱ्या कायमच्या दातावर उमटू शकतात. दंतवैद्याने पाहिल्यावर तो दात घरी आणून कौलावर टाकायला हरकत नाही.

दाताचा तुकडा मोडला असेल, तर तुकडाही दुधात किंवा पाण्यात घालून न्यावा. पुष्कळदा तो चिकटवता येतो. दात हिरडीत वर रुतला असेल, तर ओढू नये. नुसता हलत असेल, तर जिभेने वा बोटाने हलवत राहू नये, असे मुलाला बजावावे. मुलांना तोच खेळ होऊन बसतो.

झोपाळ्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. कोकणातील घराची ती शोभा आहे आणि तो काढून टाका, असे मी कधीही म्हणणार नाही. पण फळीच्या कडा गोल करून घ्याव्यात, तिच्यावर जुन्या गोधडीची पट्टी शिवून घालावी, आणि एक मूल झोका घेत असताना दुसऱ्याने समोर वाकून काही उचलू नये, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला दातांवर बसवायचे रक्षक कवच दंतवैद्याकडून करून घेता येते. आपल्या जिल्ह्यात कबड्डीचे इतके वेड आहे, तरी ते कवच मैदानावर क्वचितच दिसते. ज्या मुलाचे वरचे दात पुढे आलेले आहेत, त्याला धोका अधिक. त्याच्या आईवडिलांना दंतवैद्याचा सल्ला घ्यायला अवश्य सांगावे.

नातवंडे येण्यापूर्वी जवळच्या दोन दंतवैद्यांचे फोन क्रमांक एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून फ्रीजच्या दारावर लावावेत. रविवारी कोण भेटते, हेही आधीच विचारून तेथे लिहावे. कागदावर वरच्या बाजूला ‘दात दुधात’ एवढे दोनच शब्द असू द्यावेत. गडबडीत शेजारी किंवा घरकामाला येणाऱ्या बाई मदतीला धावतात, त्यांनाही ते वाचता येतील.

परत बसवलेल्या दाताची तपासणी पहिल्या वर्षी अनेकदा आणि त्यानंतर निदान पाच वर्षे दरवर्षी करायची असते. शाळा सुरू झाली, दुखणे थांबले, की आईवडिलांच्या धावपळीत ती मागे पडते. पुढच्या सुट्टीत मूल आले, की उजेडात बसवून त्याचा तो दात आपण जरूर पाहावा. रंग करडा वा गुलाबी झाला आहे का, शेजारच्या दाताच्या मानाने तो आखूड राहिल्यासारखा दिसतो का, हिरडीवर पुळी आली आहे का? यातील काहीही दिसले, तर दुखत नसले तरी त्याच आठवड्यात दंतवैद्याची वेळ घ्यावी.